डकबर्गचे मूळ दप्तर

एखादे पात्र चित्रपटगृहाच्या पडद्यावर लोकप्रिय झाले म्हणजे त्याची छबी दुधाच्या पेल्यावर, मनगटी घड्याळाच्या तबकडीवर, लाकडी खेळण्यांवर आणि अखेरीस स्वस्त कागदाच्या चित्रपुस्तकावर उमटविण्याचा जो व्यापार विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकेत उभा राहिला, त्याची हकीकत सांगणारे बहुधा जमाखर्चाची भाषा वापरतात आणि त्या चित्रपुस्तकांना पेले व घड्याळे यांच्याच यादीत बसवून पुढे जातात. या यादीतून एक नोंद बाहेर काढून तिची स्वतंत्र चौकशी करावी, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. कारण डोनाल्ड डक नावाचे जे तापट बदक आपण सर्वांनी पडद्यावर पाहिले, आणि त्याचा कृपण, कोट्यधीश मामा स्क्रूज ज्या ‘डकटेल्स’ मालिकेमुळे आमच्या पिढीच्या घरातला झाला, त्या दोघांची खरी घडण या दुय्यम समजल्या गेलेल्या कागदी धंद्यात झाली आहे.

त्या धंद्याची रचना प्रथम पाहिली पाहिजे. वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने मिकी माउसची वृत्तपत्रीय चित्रमालिका १९३० च्या जानेवारीत सुरू केली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ती फ्लॉइड गॉटफ्रेडसन नावाच्या तरुणाकडे तात्पुरती म्हणून सोपविली. तो तात्पुरता कारभार पुढे पंचेचाळीस वर्षे चालला. वृत्तपत्रांसाठीचे हे काम संस्थेच्याच छत्राखाली होत असे. चित्रपुस्तकांची व्यवस्था मात्र निराळी होती. विस्कॉन्सिन प्रांतातील रसीन या गावच्या वेस्टर्न प्रिंटिंग कंपनीने डिस्नेच्या पात्रांची पुस्तके काढण्याचा परवाना मिळविला होता. मजकूर व चित्रे तयार करून घेणे आणि छापणे हे तिचे काम, तर भांडवल घालणे आणि गावोगावच्या विक्रेत्यांकडे माल पोहोचविणे हे न्यूयॉर्कच्या डेल या प्रकाशनसंस्थेचे. १९४० च्या ऑक्टोबरात या तिघांच्या तहातून ‘वॉल्ट डिस्नेज कॉमिक्स अँड स्टोरीज’ हे मासिक निघाले. त्याची किंमत दहा सेंट होती, आणि आरंभी त्यात वृत्तपत्रांतील जुन्या चित्रमालिकांचेच पुनर्मुद्रण असे. वेस्टर्नने असाच करार इतर कार्टूनपट-निर्मात्यांशीही केला होता, म्हणून बग्ज बनी, टॉम आणि जेरी, वुडी वुडपेकर हे सारे एकाच मुद्रणालयातून कागदावर उतरत. चित्रकार मेहनतान्यावर काम करीत. पानामागे ठरलेली रक्कम एकदा मिळाली की त्या पानावरचा त्यांचा हक्क संपला, मग ते पान किती देशांत किती वेळा छापले गेले तरी त्यांच्या पदरात आणखी काही पडत नसे. पानावर त्यांचे नावही नसे. नाव एकच असे, वॉल्ट डिस्ने, आणि ते असे छापण्याची सक्त ताकीद होती.

डोनाल्डचा जन्म मात्र निःसंशय पडद्यावरचा. १९३४ साली आलेल्या ‘द वाइज लिटल हेन’ या लघुपटात खलाशी अंगरखा घातलेले हे बदक प्रथम दिसले, आणि क्लॅरेन्स नॅश यांनी त्याला दिलेल्या विलक्षण आवाजामुळे ते थोड्याच वर्षांत मिकीहूनही लाडके झाले. तो आवाज हेच त्याचे भाग्य आणि तीच त्याची मर्यादा होती. सात-आठ मिनिटांच्या चित्रपटात डोनाल्डने चिडावे, आदळआपट करावी, यंत्राशी किंवा मधमाशीशी झुंजावे, एवढे पुरे होई. परंतु ज्याचे निम्मे शब्द श्रोत्यांना कळतच नाहीत असे पात्र एखादा बेत समजावून सांगू शकत नाही, पश्चात्ताप व्यक्त करू शकत नाही, तीन भाच्यांशी वाद घालून त्यात हरू शकत नाही. कागदावर आवाज नसतो. पात्राच्या मुखाशेजारी पांढरा फुगा असतो आणि त्यात लिहिलेली अक्षरे प्रत्येकाला सारखीच स्पष्ट दिसतात. पडद्यावर ज्याला केवळ संताप होता त्याला कागदावर आल्याबरोबर मन प्राप्त झाले, ते या साध्या कारणामुळे. ह्युई, ड्युई आणि लुई हे तीन भाचेदेखील १९३७ च्या वृत्तपत्रीय मालिकेतून आधी आले आणि पडद्यावर त्यानंतरच्या वर्षी, ही गोष्टही येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हे मन देणारा मनुष्य कार्ल बार्क्स. ऑरेगॉन प्रांतातील मेरिल गावाजवळ २७ मार्च १९०१ रोजी एका शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. शिक्षण आठव्या इयत्तेपर्यंत, त्यात श्रवणशक्ती लहानपणापासूनच मंद. शेतमजुरी, लाकूडतोड, रेल्वेच्या कारखान्यात रिव्हेट तापविणे अशी कामे करीत, मध्यंतरी मिनिआपोलिसच्या एका विनोदी मासिकात चित्रे व मजकूर पुरवीत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, १९३५ साली, तो डिस्नेच्या चित्रशाळेत दाखल झाला. तेथे त्याचे पहिले काम दोन मुख्य चित्रांमधली चित्रे भरून काढण्याचे, म्हणजे हालचाल अखंड दिसावी म्हणून चालणाऱ्या हमालीचे होते. परंतु ‘मॉडर्न इन्व्हेन्शन्स’ या डोनाल्डपटासाठी त्याने एक कल्पना सुचविली: यंत्रचालित न्हाव्याची खुर्ची डोनाल्डला उलटा करते आणि त्याच्या पार्श्वभागाचे केस कापून तोंडाला बुटाचे पॉलिश लावते. या एका कल्पनेवर त्याची बढती कथाविभागात झाली. तेथील पद्धत अशी होती की, कथा आधी लिहीत नसत; प्रसंगाची लहान लहान रेखाचित्रे काढून ती मोठ्या फळ्यांवर टाचणीने ओळीने लावीत, आणि फळ्यासमोर उभे राहून कथाकाराने तो चित्रपट तोंडाने वाचून दाखवावा. पाच-सहा वर्षे हे काम केलेल्या माणसाला चित्रकथेचे व्याकरण वेगळे शिकावे लागले नाही.

१९४२ साली ‘मॉर्गन्स घोस्ट’ नावाच्या एका नियोजित परंतु कधीच न निघालेल्या चित्रपटाचा आराखडा पडून होता. त्यावरून बॉब कार्प यांनी मसुदा लिहिला आणि बार्क्स व जॅक हॅना या दोघांनी चित्रशाळेतील नोकरी सांभाळून फावल्या वेळात त्याची चौसष्ट पाने रेखाटली; अशा रीतीने ‘डोनाल्ड डक फाइंड्स पायरेट गोल्ड’ हे पुस्तक निघाले. जो चित्रपट झालाच नाही त्याचे हे कागदी रूपांतर! मला या घटनेत पुढच्या सर्व इतिहासाचे बीज दिसते. पडद्याने जे टाकून दिले, त्याला आश्रय देण्याचे सामर्थ्य या स्वस्त कागदात होते.

त्याच वर्षाच्या अखेरीस बार्क्सने डिस्नेची नोकरी सोडली. चित्रशाळेतील वातानुकूलित हवा त्याच्या नाकाला सोसत नव्हती आणि लष्करासाठी चाललेल्या चित्रपटांच्या कामाचा त्याला कंटाळा आला होता. दक्षिण कॅलिफोर्नियातील सॅन जसिंटोजवळ कोंबड्या पाळून राहावे असा त्याचा बेत होता. उदरनिर्वाहाला जोड म्हणून त्याने वेस्टर्नकडे काम मागितले, तेव्हा त्याला डोनाल्डच्या परसबागेवरचा दहा पानांचा एक मसुदा धाडण्यात आला आणि सुधारणा सुचल्यास करण्यास मुभा देण्यात आली. सुधारलेली कथा १९४३ च्या एप्रिल अंकात आली, आणि मग संपादकांनी मसुदे धाडण्याचेच सोडून दिले. यापुढे जवळजवळ पाव शतक हा माणूस एकटा बसून कथा रचीत होता, संवाद लिहीत होता, पेन्सिलीने रेखाटून शाईने गिरवीत होता. ज्या चित्रपटामागे शंभर हातांचा कारखाना असे, त्याचे काम येथे एका मेजावर होत होते. आणि महिन्याला दहा पानांची कथा, शिवाय मोठी साहसकथा, असा हा रतीब त्याने वर्षानुवर्षे घातला.

या एकांताचे फळ म्हणजे डकबर्ग नगर. चित्रपटांत डोनाल्ड कोठे राहतो हे विचारण्याची कोणाला गरज पडली नव्हती; बार्क्सने १९४४ मध्ये त्याच्या गावाला नाव दिले, आणि मग गाव वसू लागले. १९४७ च्या नाताळकथेत एका उदास हवेलीत एकटा बसलेला श्रीमंत मामा आला, १९४८ साली दैवाचा लाडका ग्लॅडस्टोन गँडर, १९५१ साली बीगल बॉइज हे दरोडेखोर, १९५२ साली जायरो गिअरलूज हा संशोधक, १९६१ साली मॅजिका डी स्पेल ही जादूगारीण. मामा केवळ एका कथेपुरता योजलेला होता. त्या पहिल्या कथेत तो साऱ्या जगाचा तिटकारा करणारा वृद्ध आहे; परंतु लेखकाला तो सोडवेना, आणि १९५२ साली त्याच्या नावाने स्वतंत्र पुस्तक निघाले तेव्हा त्या कृपणाच्या आत एक संपूर्ण आयुष्य भरलेले आढळले. ‘ओन्ली अ पुअर ओल्ड मॅन’ या कथेत स्क्रूज आपल्या तीन घनएकर पैशांच्या कोठारात सूर मारतो. एकराचे घनफळ करणारे हे माप गणिताला अमान्य असले तरी बालकाच्या कल्पनेला तत्काळ पटते. त्यातले प्रत्येक नाणे त्याला ठाऊक आहे, हे कोठल्या खाणीत मिळाले, ते कोणत्या वर्षी; संपत्तीची किंमत त्याला उरलेली नाही, ती मिळविताना गेलेल्या दिवसांची स्मृती तेवढी तो जपून ठेवतो. कंजूषपणा हा दोष मानून त्याची टर उडविणे सोपे होते. बार्क्सने त्या दोषाखालचा कष्टाचा इतिहास दाखविला, आणि त्याच वेळी त्या इतिहासाने माणूस किती एकटा पडतो हेही लपविले नाही. दहा सेंटांच्या पुस्तकात एवढे धाडस क्वचितच कोणी केले असेल.

१९४९ च्या ‘लॉस्ट इन द अँडीज’ या कथेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे मला शक्य नाही. संग्रहालयात धूळ पुसणाऱ्या डोनाल्डच्या हातून एक चौकोनी दगड पडतो आणि तो अंडे असल्याचे उघडकीस येते. मग चौकोनी अंडी घालणाऱ्या कोंबड्यांच्या शोधार्थ पेरूच्या पर्वतांत मोहीम निघते, दाट धुक्याने झाकलेल्या खोऱ्यात चौकोनी देहाची माणसे भेटतात, ज्यांना अंड्यांखेरीज अन्न नाही आणि ज्यांच्या राज्यात गोल वस्तू निर्माण करणे हा गुन्हा आहे. तीन भाचे च्युइंगगमचा गोल फुगा फुगवितात म्हणून त्यांच्यावर संकट ओढवते. अखेर मोठ्या कष्टाने दोन चौकोनी पक्षी घरी आणले जातात, आणि ते दोन्ही कोंबडे निघतात. अमेरिका खंडाबाहेर पाऊल न टाकलेला हा चित्रकार ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाचे जुने अंक उघडून बसे आणि त्यातील छायाचित्रांवरून इंकांच्या भिंतींचे दगड एकेक करून रेखाटीत असे.

१९९० नंतरच्या काही वर्षांत दूरदर्शनवर रविवारी ‘डकटेल्स’ हिंदीतून लागे, तेव्हा आम्हां मुलांना यांतले काहीच ठाऊक नव्हते. १९८७ साली अमेरिकेत सुरू झालेली ही शंभर भागांची मालिका आम्हांला स्वयंभू वाटे. तिच्या कर्त्यांनी डोनाल्डला नौदलात धाडून कथेतून जवळजवळ वगळले होते, विमान आदळणारा लाँचपॅड आणि चिमुरडी वेबी ही नवी पात्रे घातली होती, आणि कित्येक कथानके बार्क्सच्या पानांवरून उचलली होती. प्रौढ वयात ती पाने वाचताना मी आरंभी सवयीने मालिकेचे स्मरण करीत होतो आणि कागदावर तिचे रूपांतर शोधीत होतो. काळाचा क्रम उलटा आहे हे बुद्धीला कळले होते तरी डोळ्यांना वळायला अवकाश लागला.

‘ट्रॅला ला’ ही १९५४ ची कथा मालिकेतही होती. पैशाच्या कटकटींनी वैतागलेला स्क्रूज हिमालयातील एका अशा खोऱ्यात जातो जेथे पैसा ही कल्पनाच नाही, लोभ नाही, म्हणून सर्वत्र शांती आहे. बरोबर आणलेल्या औषधाच्या बाटलीचे एक बूच तो टाकून देतो. ते एकमेव म्हणून दुर्मीळ, दुर्मीळ म्हणून मौल्यवान ठरते, आणि पाहता पाहता त्या भोळ्या लोकांत सौदे, हेवेदावे व साठेबाजी सुरू होते. उपाय म्हणून स्क्रूज विमानांतून कोट्यवधी बुचे टाकविण्याचा हुकूम देतो, तेव्हा किंमत तर कोसळतेच, शेतेही बुचांखाली गाडली जातात. लहानपणी मला या कथेतील विमाने तेवढी आठवत होती. कागदावर ती कथा अवघी बावीस पानांची आहे. परंतु पानापानांतून एकेका शेतकऱ्याचा चेहरा कसा बदलतो, पहिले बूच हाती आलेल्या माणसाची नजर कशी शेजाऱ्याकडे वळते, हे थांबून पाहण्याची सोय कागदानेच दिली. पडद्यावर प्रसंगाची गती निर्मात्याच्या हाती असते, कागदावर ती वाचकाच्या हाती येते, आणि बार्क्सच्या चौकटी थांबून पाहणाऱ्यासाठीच काढलेल्या आहेत.

‘बॅक टू द क्लॉन्डाइक’ या १९५३ च्या कथेची गोष्ट अधिक गंभीर आहे. सोन्याच्या शोधात तारुण्य घालविलेला स्क्रूज उत्तरेकडील त्या जुन्या जागी परततो आणि एके काळी आपले सोने लुबाडणारी गोल्डी नावाची नर्तकी आता दरिद्री, वृद्ध व एकाकी झालेली पाहतो. छपाईपूर्वी संपादकांनी यातील काही पाने कापली: पानगृहातली मारामारी, आणि स्क्रूज गोल्डीला उचलून नेऊन आपल्या खाणीवर मजुरीला लावतो तो भाग. बालकांच्या वाचनात हे नसावे, असा विचार त्यामागे असणार. त्या काळी अमेरिकेत कॉमिकविरुद्ध काहूर उठले होते, आणि १९५४ साली इतर प्रकाशकांनी मिळून नियमावली केली तेव्हा डेलने तिच्यात सामील होण्याचे नाकारले ते, आपला माल मुळातच निर्मळ आहे या भूमिकेवर. परंतु ही पाने गेल्यामुळे कथेचा कणाच गेला. कारण अखेरीस स्क्रूज आपले पुरलेले सोने कोठे आहे हे विसरल्याचे सोंग घेऊन ते गोल्डीच्या हाती लागू देतो, त्या औदार्याचे वजन पूर्वीच्या कठोरपणावाचून कळत नाही. कापलेली पाने १९८१ साली एका संग्रहात पुन्हा आली, आणि तेव्हा कोठे ही कथा जशी लिहिली होती तशी लोकांना वाचता आली. मुलांना दुःख व पश्चात्ताप कळत नाहीत असे मानणाऱ्या संपादकांपेक्षा बार्क्सला मुले अधिक ठाऊक होती, असे मी निःशंकपणे म्हणेन.

त्याचे दोष झाकावेत असे मात्र मला वाटत नाही. १९५२ च्या एका कथेत हाउडुयुस्तानचा महाराजा येतो आणि डकबर्गच्या संस्थापकाचा पुतळा कोण मोठा उभारतो यावरून स्क्रूजशी चुरस करून आपला खजिना रिता करून घेतो. चुरशीची कल्पना उत्तम, तिच्यातील दर्पहरणही उत्तम, परंतु फेटा, रत्ने आणि मूर्ख उधळपट्टी यांखेरीज हिंदुस्थानचे दुसरे काही त्या चित्रकाराच्या मासिकांनी त्याला दाखविले नव्हते, हे आपल्याला जाणवल्याखेरीज राहत नाही. एरिएल डॉर्फमन व आर्मांड मॅटलार्ट यांनी १९७१ साली चिलीत लिहिलेल्या ग्रंथात या बदककथांवर साम्राज्यवादाचा आरोप ठेवला: दूरच्या देशांतील लोक यात भोळे असतात, त्यांचा ठेवा बदके घेऊन जातात. आरोपात तथ्य आहे. तरीही ‘ट्रॅला ला’मध्ये परक्या खोऱ्याचा नाश करणारा लोभ डकबर्गहूनच येतो, आणि चौकोनी माणसांच्या देशातून बदके जवळजवळ रिकाम्या हातांनी परततात, हेही त्याच दप्तरात नमूद आहे; न्यायनिवाडा करणाऱ्याने सारे कागद वाचले पाहिजेत.

पन्नासच्या दशकाच्या आरंभी ‘कॉमिक्स अँड स्टोरीज’ दरमहा तीस लाखांहून अधिक खपत होते. एवढ्या घरांत ज्याचे चित्र जात होते त्याचे नाव एकाही घरात ठाऊक नव्हते. मुलांनी मात्र आपल्या परीने निवाडा केला होता. अनेक हातांनी काढलेल्या कथांतून ती याचा हात नेमका ओळखीत आणि त्याला ‘चांगला बदक-चित्रकार’ म्हणत. त्यांची पत्रे प्रकाशनाच्या कचेरीत येत आणि तेथेच राहत. १९६० च्या सुमारास एका वाचकाने चिकाटीने पाठपुरावा करून त्याचे नाव व पत्ता मिळविला, आणि वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर बार्क्सला पहिले खरे वाचकपत्र मिळाले. कोणी आपली थट्टा करीत आहे अशी शंका त्याला प्रथम आली, हे समजण्यासारखे आहे.

तोवर धंद्याला उतरती कळा लागली होती. घरोघर दूरचित्रवाणी आली, १९६१ साली डेलने दहा सेंटांची किंमत पंधरा केली आणि ग्राहक हटले, पुढच्या वर्षी वेस्टर्न व डेल यांचा तह मोडला. १९६६ साली बार्क्स निवृत्त झाला. मागे पाचशेच्या आसपास कथा व सहा हजारांवर पाने होती. युरोपात या पानांचे भाग्य वेगळे निघाले: स्वीडन, फिनलंड, जर्मनी, हॉलंड या देशांत ती छापणारी साप्ताहिके घरटी वाचली जात राहिली, आणि १९९४ साली, त्र्याण्णव वर्षांचा असताना, बार्क्स प्रथमच अमेरिका खंड सोडून तेथे गेला तेव्हा त्याचे स्वागत मोठ्या साहित्यिकासारखे झाले. मालिकेचेही तिकडे स्वतंत्र चरित्र आहे. हंगेरीत १९९३ च्या डिसेंबरातील एका रविवारी ‘डकटेल्स’चा भाग मध्येच थांबवून पंतप्रधान योझेफ आंताल यांच्या निधनाची वार्ता दिली गेली, आणि तेथील त्या वेळच्या मुलांची सारी पिढी आज या मालिकेच्या नावाने ओळखली जाते. बार्क्स २५ ऑगस्ट २००० रोजी, नव्व्याण्णवाव्या वर्षी, ऑरेगॉनमध्येच निवर्तला.

त्याचे नाव आता पुस्तकांच्या मुखपृष्ठावर छापले जाते. १९८३ पासून तीस खंडांत त्याचे समग्र कार्य काळ्या-पांढऱ्या रूपात निघाले, आणि २०११ पासून नवी रंगीत आवृत्ती निघू लागली, तिचा प्रथम निघालेला खंड अँडीजच्या त्याच कथेच्या नावाने. परंतु पन्नासच्या दशकापासून संवादांची अक्षरे रेखणारी, काळे भाग भरणारी आणि पार्श्वभूमीला हात लावणारी त्याची पत्नी गॅरे, जी स्वतः निसर्गचित्रकार होती, तिचे नाव अजूनही अक्षरे वाचणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नाही. आणि वेस्टर्नच्या त्याच दालनात बग्ज बनी व वुडी वुडपेकर पानामागे ठरलेल्या मेहनतान्यावर काढणाऱ्या इतर हातांची नावे अभ्यासक रेषेच्या वळणावरून, शाईच्या जाडीवरून, मुद्रणालयाच्या उरलेल्या हिशेबवह्यांवरून अद्याप एकेक करून लावीत आहेत.